चांगल्या जंतूंचा खाऊ

माणसाच्या पोटात काय चाललं आहे हे त्याच्या डॉक्टरला ठाऊक असावं, फार तर बायकोला. माझ्या पोटात काय चाललं आहे हे बनशंकरीतल्या आमच्या अख्ख्या मराठी मंडळाला ठाऊक होतं. मंडळाच्या सभेत त्यावर चर्चा झाली होती आणि एका सभासदाने अनुमोदनही दिलं होतं.

मला मोठ्या आतड्याच्या सुजेचं जुनं दुखणं आहे. हे दुखणं जात नाही, निजतं. वर्गातल्या व्रात्य मुलासारखं ते महिनोन् महिने मागच्या बाकावर शांत बसतं आणि इन्स्पेक्टर आले की नेमकं उठून उभं राहतं. गेल्या वर्षी ते गणेशोत्सवात उभं राहिलं.

उत्सवातलं मुलांचं नाटक मी लिहितो आणि बसवतो. सरकारी कारखान्यातून निवृत्त झाल्यापासून दर रविवारी आमच्या दिवाणखान्यात मंडळाची मुलं मराठी शिकायला येतात. ती घरी मराठी बोलतात, गल्लीत कन्नड, शाळेत इंग्रजी, आणि भांडताना तिन्ही. माझं नाव बाळ असल्यामुळे ती मला बाळआजोबा म्हणतात. या नावाने हाक मारल्यावर माणूस रागावू शकत नाही, हे त्यांनी पहिल्याच रविवारी ओळखलं.

तर गेल्या वर्षी मी विंगेत खुर्ची टाकून प्रॉम्प्टिंग करत होतो आणि मध्येच मला उठून धावावं लागलं. रंगमंचावरची मुलं संवादाच्या टोकाला आली, तर पुढचं वाक्यच येईना. मुलं आज्ञाधारक. त्यांनी प्रवेश पहिल्यापासून सुरू केला. मी परत आलो तेव्हा एकाच राजकन्येचं लग्न पुन्हा पुन्हा लागत होतं आणि पुढच्या रांगेतल्या एक बाई शेजारणीला म्हणत होत्या, "आता आहेर कितीदा करायचा?"

मंडळाचे सेक्रेटरी मल्हारराव यांनी यंदाच्या सभेत विषय काढला. मल्हाररावांचा आवाज असा आहे की ते कानात सांगतात तेव्हाही ठराव मांडल्यासारखं वाटतं.

"बाळकाकांच्या कलेबद्दल वाद नाही," ते म्हणाले, "पण प्रॉम्प्टरने जागा सोडता कामा नये. यंदा सोडली, तर पुढल्या वर्षीपासून मुलांचा कार्यक्रम मी घेईन."

मल्हाररावांचा कार्यक्रम म्हणजे काय ते मला माहीत होतं. मुलांनी हातात फलक घेऊन रांगेत उभं राहायचं. फलकांवर 'शिस्त', 'एकी', 'स्वच्छता' वगैरे. 'स्वच्छता' धरणाऱ्या मुलाने नाक पुसायचं नाही. माझ्या मुलांच्या हातात फलक जाऊ द्यायचे नसतील, तर मला माझी खुर्ची धरून ठेवायला हवी होती, आणि त्यासाठी माझं पोट.

मी डॉक्टरबाईंकडे गेलो. त्यांनी तपासलं. "सूज सध्या निजलेली आहे," त्या म्हणाल्या. "गोळ्या चुकवायच्या नाहीत. वरून फायबर घ्यायचं असेल तर घ्या, पण एका वेळी एकच, अगदी थोडं, हळूहळू वाढवत, भरपूर पाण्याबरोबर. त्रास वाटला की थांबायचं आणि मला सांगायचं."

एका वेळी एकच, अगदी थोडं, हळूहळू. हे वाक्य मी स्वतः दर रविवारी मुलांना सांगतो. सांगणारा माणूस ऐकणाराही असतो असा एक गैरसमज समाजात आहे.

मी घरी पोचण्याआधी बातमी पोचली होती. मल्हारराव दारातच होते. शत्रूच्या तब्येतीची खरी काळजी फक्त मराठी माणूसच करतो. "इसबगोल," ते म्हणाले. "रात्री झोपताना पाण्यातून. सकाळी तोफ."

"मला तोफ नकोय, मल्हारराव. मला शांतता हवीय."

"तोफेनंतर शांतताच असते."

शेजारच्या यल्लव्वा अक्का धारवाडकडच्या. त्यांनी कुंपणावरून सांगितलं, "बाळअण्णा, नाचणीची अंबली घ्या की. वर स्वल्प ताक. पोट कसं गप्प बसतंय बघा." आणि सांगून थांबतील तर त्या अक्का कसल्या. दुसऱ्या दिवसापासून सकाळी तांब्याभर अंबली कुंपणावरून येऊ लागली. सुनंदाने, म्हणजे माझ्या पत्नीने, परक्या घरची अंबली येते म्हटल्यावर जवसाची चटणी केली. घरातल्या चटणीला नाही म्हणणाऱ्या माणसाला पुढे घरात राहायचं असतं.

राहिला पुतण्या शंतनु. तो के. आर. पुरमला राहतो आणि सन दोन हजार उजाडलं की जगातले सगळे कॉम्प्युटर बंद पडणार, ते पडू नयेत म्हणून कुठल्याशा कंपनीत काम करतो. असल्या माणसाला एका म्हाताऱ्याचं पोट म्हणजे किरकोळ गोष्ट.

"काका, फायबर ओल्ड झालं," तो म्हणाला. "आता प्रीबायोटिक. लेटेस्ट आहे. तुमच्या पोटात चांगले बॅक्टेरिया असतात ना, त्यांचं फूड."

"त्यांना वेगळं जेवण?"

"ते हॅपी तर तुम्ही हॅपी. माझा मित्र आहे न्यू जर्सीत. पाठवायला सांगतो. चिकोरीच्या मुळाची पावडर असते."

सुनंदा आतून म्हणाली, "चिकोरी तर आपल्या कॉफीत असते. इतकी वर्षं हे कॉफी पितात, मग ते बॅक्टेरिया अजून उपाशी कसे?"

शंतनुने घड्याळ पाहिलं आणि के. आर. पुरम फार लांब आहे म्हणाला.

मला मात्र ही कल्पना फार आवडली. माझ्या पोटात चांगल्या जंतूंची एक शाळा आहे, ती पोरं उपाशी आहेत म्हणून दंगा करतात, आणि त्यांना वेळेवर खाऊ दिला की ती शहाण्यासारखी वागतील. निवृत्तीनंतरचे माझे सगळे रविवार मुलांना खाऊ देऊन शिकवण्यातच गेले होते. पार्सल येईपर्यंत शाळा उपाशी नको, म्हणून मी अंबली, चटणी आणि इसबगोल या तिन्ही गोष्टी एकदमच सुरू केल्या.

शाळा भरली. पहिल्या दोन दिवसांत पोटाचा डग्गा झाला. रविवारच्या वर्गात मी फळ्यावर 'शांतता' हा शब्द लिहीत असताना पोटातून एक लांबलचक वाक्य आलं. सगळ्या माना वर झाल्या.

"आजोबा, कोण बोललं?" स्वानंदीने विचारलं. ही स्वानंदी वर्गातली सगळ्यात चौकस मुलगी. तिच्या प्रश्नाला उत्तर दिलं नाही तर ती स्वतःच उत्तर शोधते, ते जास्त धोक्याचं.

"माझ्या पोटात एक शाळा आहे," मी म्हणालो. "त्यांची मधली सुट्टी झाली."

मुलांना हा धडा इतका आवडला की त्यांनी तो घरोघरी शिकवला. पुढच्या आठवड्यात निजलेला व्रात्य मुलगाही अर्धवट जागा झाला आणि मी घर आणि संडास यांच्यामध्ये राहू लागलो. डॉक्टरबाई म्हणाल्या, "मी एक म्हटलं होतं."

"एकेकाने एकेकच दिलं," मी म्हणालो.

त्यांनी सगळं बंद केलं. गोळ्या, मऊ भात आणि विश्रांती. पोट पूर्ण शांत झालं तर पुढे एखादीच वस्तू, अर्ध्या चमच्यापासून. अक्कांचा तांब्या मी परत केला तेव्हा त्या म्हणाल्या, "सरी, बरं. पण इसबगोलाचंच हे काम. आमच्या अंबलीनं कधी कुणाचं वाईट नाही केलेलं."

तेवढ्यात पार्सल आलं. म्हणजे घरी नाही आलं, टपाल खात्याने मला बोलावलं. परदेशातून आलेली, मोठ्या पिशवीभर, पांढरी पावडर. साहेबांच्या टेबलासमोर मी उभा, माझ्यामागे रांग.

"एनु इदु?" साहेबांनी पावडरीकडे बोट दाखवून विचारलं.

मी हळू आवाजात सांगितलं, पोटासाठी आहे.

"पोटात काय होतं?" रांग पुढे सरकली. माझी तक्रार नीट ऐकू यावी अशी तिची प्रामाणिक इच्छा दिसली. दर रविवारी मुलांना स्पष्ट बोलायला शिकवणाऱ्या मला त्या दिवशी कळलं की काही विषय पुटपुटण्यासाठीच असतात. मी आतडं सांगितलं, सूज सांगितली, चांगले जंतू सांगितले. साहेबांनी पाकीट फोडलं, चिमूटभर जिभेवर ठेवली, डोळे मिटले. "स्वल्प सिहि," ते म्हणाले. म्हणजे किंचित गोड आहे. मग त्यांनी आवाज खाली आणून स्वतःच्या पोटाची हकीकत सांगितली. ती माझ्यापेक्षा लांब होती. शेवटी त्यांनी थोडी पावडर कागदात बांधून ठेवून घेतली, आणि बाकीची फाटक्या पाकिटातून प्लॅस्टिकच्या पिशवीत ओतून मला दिली.

आता इथे आमच्या स्वयंपाकघराबद्दल सांगायला हवं. मराठी घरातल्या डब्यावर जे लिहिलेलं असतं ते त्यात नसतं. 'चहा' लिहिलेल्या डब्यात दाण्याचं कूट, बिस्किटांच्या डब्यात पापड, आणि 'मीठ' लिहिलेल्या बरणीत सुटे खिळे. हे घरातल्या सगळ्यांना ठाऊक असतं, त्यामुळे कधी चूक होत नाही. सुनंदाने ती पावडर सवयीप्रमाणे एका रिकाम्या बिस्किटांच्या डब्यात भरली आणि पिठीसाखर भरलेल्या तशाच दुसऱ्या डब्याशेजारी ठेवून दिली. तिला कुठला डबा कुठला हे पक्कं माहीत होतं.

मी विश्रांती घेत होतो. विश्रांती घेणाऱ्या निवृत्त माणसाला मोकळं ठेवू नये. मी ठरवलं, या घरात एकदा शिस्त आणायची. सुनंदा देवळात गेलेली असताना मी सगळे डबे ओट्यावर काढले, पुसले, आणि प्रत्येकावर माझ्या वळणदार अक्षरात खरं नाव लिहून चिकटवलं. दोन डब्यांपाशी अडलो. दोन्हींत पांढरी पूड. दोन्ही चाखल्या. एक चांगलीच गोड, एक जेमतेम. मी विचार केला: अमेरिकन माणूस औषधसुद्धा गोडच करणार, आणि रेशनची साखर दळल्यावर एवढीच गोड लागणार. चांगली गोड ती मी 'प्रीबायोटिक' केली, जेमतेम गोड ती 'पिठीसाखर'. साहेबांचं मत त्या वेळी मला आठवलं नाही. सरकारी अधिकाऱ्याचं मत आपण गंभीरपणे घेत नाही, त्याचा हा परिणाम. डबे फळीवर लावताना मी ते वर्णक्रमानेही लावले, त्यामुळे सुनंदाची जागेवरून ओळखण्याची सोयही गेली.

"मला विचारायचं तरी," ती परत आल्यावर म्हणाली.

"आता विचारायची गरजच नाही. वाचायचं."

पोट शांत झालं. डॉक्टरबाईंच्या परवानगीने मी 'प्रीबायोटिक' अर्ध्या चमच्यापासून सुरू केलं. आणि काय सांगावं, काहीच झालं नाही. ना डग्गा, ना मधली सुट्टी. शाळा चिडीचूप. शंतनुला फोन करून मी अमेरिकेची तोंड भरून स्तुती केली. "सांगितलं होतं ना, काका," तो म्हणाला. मल्हाररावांनाही मी एक चमचा देऊ केला. ते म्हणाले, गोळ्यांचा गुण असेल. मला त्यांच्या कोतेपणाची कीव आली.

नाटकाचं नाव होतं 'घोरासुराची झोप'. घोरासुर नावाचा राक्षस इतका घोरतो की गावातली कौलं उडतात. गावची पोरं त्याला कुशीवर झोपायला शिकवतात. शेवटच्या प्रवेशात सगळं गाव कानावर हात धरून उभं आहे, पोरं त्यांचे हात खाली करतात, आणि गाव जन्मात पहिल्यांदा शांतता ऐकतं. मुलांना बोलायला शिकवणं सोपं आहे. गप्प उभं राहायला शिकवायला मला सबंध पावसाळा लागला होता. अद्वैत घोरासुर होता आणि स्वानंदी गावची म्हातारी. वाक्य आठवलं नाही तर काय करायचं, हेही मी या वर्षी शिकवलं होतं: माझ्याकडे बघायचं नाही, समोर जे दिसतं ते बोलायचं.

नाटकाच्या दिवशी मल्हाररावांनी सगळ्यांसमोर मला एक किल्ली दिली. हॉलमागे एकच संडास, त्याला कुलूप. "मंडळाने ठरवलंय, ही तुमच्याजवळ असावी," ते म्हणाले. "म्हणजे शोधाशोध नको. वेळ वाचेल." माणसाचा इतका व्यवस्थित अपमान ठरावाशिवाय होत नाही. मी किल्ली खिशात टाकली.

दुपारी तालमीच्या वेळी सुनंदाने मुलांसाठी बेसनाचे लाडू आणले होते. मुलांनी खाल्ले, त्यांच्या आयांनी खाल्ले, नाटकासाठी आलेल्या शंतनुने खाल्ले, मल्हाररावांनी आवडीने आणि पुन्हा पुन्हा खाल्ले. मी नाही घेतला. मला बेसन बंद होतं. मी संयमाने इतरांकडे पाहत बसलो.

"यंदा साखरेला गोडीच नव्हती," सुनंदा मला म्हणाली. "घालते आहे, घालते आहे, गोड होईचना. शेवटी डबाच रिकामा केला."

"रेशनची साखर," मी म्हणालो.

संध्याकाळी पडदा वर गेला. मी खुर्चीत बसलो. खुर्ची उजव्या विंगेत, आणि त्या हॉलची रचना अशी की उजव्या विंगेत यायला रंगमंच ओलांडूनच यावं लागतं. पहिला प्रवेश उत्तम झाला. दुसऱ्या प्रवेशात गावकरी जरा वाकून उभे राहू लागले. मला वाटलं, भूमिकेत शिरले आहेत. प्रेक्षकांतून एकेक आई उठून मागे जात होती आणि कुलूप पाहून परत येत होती. माझं पोट मात्र निर्मळ तळ्यासारखं.

शेवटचा प्रवेश आला. घोरासुर कुशीवर निजला. त्याच्या बरोबर वर माइक टांगलेला. पोरांनी गावकऱ्यांचे हात खाली केले. स्वानंदी काठी टेकत पुढे आली.

"ऐका," ती म्हणाली. "ही शांतता."

सगळा हॉल शांत झाला. एक सबंध पावसाळा मी या क्षणासाठी घालवला होता. आणि त्या शांततेत निजलेल्या घोरासुराकडून, वरच्या माइकमधून, हॉलच्या चारही भिंतींना पुरेल असा, आधी चढत जाणारा आणि मग नाइलाजाने उतरणारा एक स्वर आला.

कुणी हललं नाही. अद्वैतने डोळे घट्ट मिटून घेतले, कारण तो निजलेला होता आणि मी त्याला सांगितलं होतं की काहीही झालं तरी उठायचं नाही. माझ्या हातातल्या संहितेत यासाठी वाक्य नव्हतं. मी स्वानंदीकडे पाहिलं. ती माझ्याकडे बघत नव्हती. ती समोर बघत होती.

"घाबरू नका," ती गावकऱ्यांना म्हणाली. "त्याचं घोरणं थांबलंय. आता त्याचं पोट बोलतंय. त्याच्या पोटात एक शाळा आहे. मधली सुट्टी झाली."

हॉल कोसळला. हसण्याच्या त्या पुरात पहिल्या रांगेतून मल्हारराव उठले. एक हात पोटावर, एक हात माझ्याकडे पसरलेला. डावीकडून ते रंगमंचावर चढले. त्यांना किल्ली हवी होती आणि दुसरा रस्ता नव्हता.

स्वानंदीने काठी आडवी धरली आणि त्यांना गावचे पाटील करून टाकलं. "पाटील," ती म्हणाली, "हळू चाला. तो जागा होईल."

मल्हारराव चवड्यांवर चालू लागले. त्यांना तसंही दुसऱ्या कुठल्या प्रकारे चालता येणार नव्हतं. कपाळावर घाम, ओठ मिटलेले, एकेक पाऊल जपून टाकत ते सबंध रंगमंच ओलांडून माझ्यापर्यंत आले. भयाचा इतका खरा अभिनय आमच्या मंडळाने कधी पाहिला नव्हता. टाळ्या थांबेनात.

"बाळकाका," ते कानात म्हणाले, आणि या वेळी तो ठराव वाटला नाही. "किल्ली."

"मला जागा सोडता येत नाही," मी म्हणालो. "खिशातून तुम्हीच काढून घ्या."

पडदा पडला तेव्हा हॉलमागे लांबलचक रांग लागली होती. गावकरी, घोरासुर, आया, शंतनु, सगळे त्यात होते. फक्त मी खुर्चीत होतो. सुनंदा येऊन माझ्या शेजारी उभी राहिली. पदराआड तिच्या हातात लाडवांचा उरलेला डबा होता. तिने एक लाडू फोडून जिभेच्या टोकाला लावला आणि माझ्याकडे पाहिलं.

"घरी गेल्यावर," ती म्हणाली, "तुमचं ते अमेरिकेचं औषध चहात घालून बघते. मला वाटतं चहा छान गोड होईल."

"तू वाचूनच घेतलंस ना?"

"लग्न झाल्यापासून पहिल्यांदा तुमच्या अक्षरावर विश्वास ठेवला."

तिने दुसऱ्या दिवशी सगळ्या चिठ्ठ्या खरडून काढल्या. डॉक्टरबाईंना मी सांगितलं तेव्हा त्यांनी आधी तोंड वळवून हसून घेतलं. मग म्हणाल्या, पोट निवलं ते गोळ्यांनी आणि बाकीचं बंद केल्याने, पिठीसाखरेने नव्हे. खरी पावडर पुन्हा आणलीत तर तिचाही पाव चमचाच, आणि लाडवात नाही.

मुलं सोमवारी शाळेत गेली, सगळी ठणठणीत. अद्वैतला गल्लीत इतका मान मिळाला की त्याने आईला पुन्हा तेच लाडू करायला सांगितलं.

मंडळाच्या सभेत मी वाट पाहत होतो. मल्हारराव उठले. मुलांच्या आयांनी आधीच एकमुखाने मागणी केली होती की पुढल्या वर्षी पाटलाचं काम मोठं करावं आणि ते त्यांनाच द्यावं. मल्हाररावांनी घसा साफ केला. प्रॉम्प्टरने जागा सोडली नाही, हे त्यांनी मान्य केलं. मुलांचं नाटक बाळकाकांनीच बसवावं, हेही. पाटलाचं काम करायला त्यांची हरकत नव्हती.

"फक्त एक अट आहे," ते म्हणाले. "किल्ली पाटलाकडे राहील."